एकवीसच्या जागी वीस

धम्मदीपा इंगोले आठवीत असताना, सत्त्याऐंशी साली, कुठल्याशा सरकारी योजनेतून तिच्या वाशिमच्या शाळेत दोन कॉम्प्युटर आले. टायपरायटरएवढे, पांढुरके, वरच्या रांगेत लाल कळा. त्यांना स्वतःचा पडदा नव्हता, टीव्ही जोडावा लागे. करंट गेला की त्यांना काही आठवत नसे, म्हणून लिहिलेलं कॅसेटवर भरून ठेवावं लागे. गणिताचे शेषराव सर दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आले आणि पहिल्याच तासाला म्हणाले, "मलेई जास्त येत नाई. आपण संगंच शिकू."

बाकीची मुलं पाढे छापून बघायची. धम्मदीपाला आणि तिच्या वर्गातल्या, केनवड गावाहून येणाऱ्या भागवतला मात्र निराळाच नाद लागला. एक विशिष्ट ओळ टाइप केली की कॉम्प्युटर सूर काढतो, आकडा बदलला की सूर बदलतो, हे त्या दोघांनी शोधलं आणि मधल्या सुट्टीचा डबा सोडून ते तिथंच बसू लागले. दोन वर्षांनी योजना गुंडाळली गेली. कॉम्प्युटर कपाटात गेले, धम्मदीपा आणि भागवत आपापल्या वाटेनं गेले.

पुढं धम्मदीपा वाशिमलाच एका ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक झाली. पन्नाशीला आली तेव्हा तिच्या जुन्या शाळेत नवी इमारत व्हायची होती आणि जुनं सामान काढून टाकणं चाललं होतं. शाळेतल्या शिपायानं फोन केला, "ताई, ते तुमच्या टायमाचे कॉम्प्युटरचे डबे निंघाले. भंगारात चालले. पायजेत का?" तिनं ऑटो केला, घरून दोन गोधड्या नेल्या आणि त्यात गुंडाळून दोन्ही डबे घरी आणले.

आत उंदरानं बिऱ्हाड केलं होतं. तिनं ब्रशनं सगळं साफ केलं. फुगलेले कपॅसिटर काढून अकोल्याहून आणलेले नवे बसवले. पहिल्या खेपेला नुसता जळका वास आला. महिनाभरानं, दुसऱ्या खेपेला, डब्यानं तोच जुना दोन सुरांचा 'टुंग' केला आणि पडद्यावर कर्सर लुकलुकू लागला. मग तिनं भागवतला फोन लावला.

भागवत आता सोयाबीन-तुरीचा शेतकरी होता, दोन मुलींचा बाप. पुढच्याच रविवारी तो मोटारसायकलवर हजर झाला. खुर्चीवर टेकायच्या आधी त्यानं एका बोटानं एक ओळ टाइप केली, आणि डब्यातून खरखर ठेका सुरू झाला.

"मले एवढीच येत होती," तो म्हणाला. "अजूनबी एवढीच येते."

मग ते नेहमीचंच झालं. धम्मदीपाच्या डब्यात सूर, भागवतच्या डब्यात ठेका. एका डब्याला एका वेळी तीनच सूर काढता येत, वर एक खरखर. त्यातच सगळं बसवायचं. भागवतनं मळणीयंत्राचा आवाज धरून ठेका बांधला: पट्टा चढतो, यंत्र वेग घेतं, पेंढी आत गेली की आवाज भरून येतो, मग पुन्हा मोकळा होतो. त्यावर धम्मदीपानं सुरांची वीण घातली. वाजता वाजता दोघं आकडे बदलत, एकमेकांकडे बघून. त्यामुळे एक रविवार दुसऱ्यासारखा कधीच होत नसे.

भागवतची बायको रुख्मिणी सगळ्यांना सांगे, "लोकं रविवारी सोयऱ्याइकडं जातेत, आमचा माणूस टुंगटुंग करायले जाते."

जानेवारीत केनवडच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. भागवत त्याच्या कमिटीवर. दुपारी भजनी मंडळाच्या आधी अर्धा तास मोकळा होता. तेवढ्यात आम्ही वाजवू का, असं त्यानं घाबरत घाबरत विचारलं आणि कमिटी हो म्हणाली, कारण दुसरं काही नव्हतं.

धम्मदीपा आयुष्यात कधी लोकांपुढं वाजवायला बसली नव्हती. दोन कॉम्प्युटर, दोन जुने टीव्ही, दोन टेपरेकॉर्डर आणि वायरींचं गाठोडं घेऊन ती केनवडला पोचली तेव्हा मंडपवाला विनोद माइक लावत होता. त्यानं सामान पाहिलं आणि हसू दाबलं.

"मॅडम, पेनड्राइव द्या ना. मी लावून देतो. तुमी निस्त्या उभ्या राहा."

"पेनड्राइव नाही. आमी इथंच वाजवणार."

"ह्याच्यावर?"

"ह्याच्यावर."

विनोदनं मान हलवली, पण वायरी नीट जोडून दिल्या.

माणसं बऱ्यापैकी जमली होती. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि अगदी पुढं सतरंजीवर भजनी मंडळ आपली पेटी आणि मृदंग घेऊन बसलेलं. मंडळाचे नानाजी पंचाहत्तरी ओलांडलेले. त्या भागात त्यांचा गळा सगळ्यांना माहीत होता. धम्मदीपानं कॅसेटवरून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं, भागवतकडं पाहिलं आणि त्यांची 'मळणी' सुरू केली.

वाजलं तसं बरं वाजलं. पण तिला जाणवत होतं की लोक बघत नाहीयेत. गप्पा चालल्या होत्या. पहिल्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, आणि ते तिला स्पष्ट ऐकू आलं, "कॅसेट लावली हाये. तो टेप दिसून राह्यला नाई का समोर?"

तिचे कान तापले. दोघांची नजर पडद्यावर, पाठ लोकांकडं. दुरून तर दोन माणसं टीव्ही बघत बसल्यासारखीच दिसत असणार. सहा महिने मेहनत केली आणि हे असं, असं तिच्या मनात आलं. आणि नेमका त्याच क्षणी करंट गेला.

पडदे विझले, आवाज तुटला. मंडपात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, संपलं समजून.

विनोदनं जनरेटर सुरू केला. डबे टुंग करून जागे झाले, पण कोरे. धम्मदीपानं कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा भरायला लावली. जनरेटरची घरघर वायरीत शिरत होती. कॉम्प्युटरला कॅसेटवरचं काही कळेना. तिनं पुन्हा लावून पाहिलं. भागवतच्या डब्याचंही तेच.

"काय कराचं आता?" भागवत कुजबुजला. त्याच्या कपाळावर घाम होता. "उठाचं का?"

धम्मदीपानं लोकांकडं वळून पाहिलं. उठून जाणं सोपं होतं, कुणालाच वाईट वाटलं नसतं. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"तुझी ओळ येते ना तुले?"

"ते तं येते."

"मंग धर ठेका. बाकी मी हातानं टाकते."

आणि तिनं दोन्ही हातांनी तो जडच्या जड टीव्ही टेबलावर फिरवला, पडदा लोकांकडं करून. स्वतः टेबलाच्या कोपऱ्याशी आली, तिरकी उभी राहिली, म्हणजे पडदा तिलाही दिसेल आणि लोकांनाही. भागवतची खरखर सुरू झाली. धम्मदीपानं पहिली ओळ टाइप केली आणि घाईत एक अक्षर मागंपुढं पडलं. कॉम्प्युटरनं पडद्यावर एकच शब्द छापला.

बायकांमधून कुणीतरी मोठ्यानं वाचला, "मिस्टेक!"

मंडप हसला. धम्मदीपालाही हसू आलं, आणि तिच्या खांद्यांतला ताठा कुठल्या कुठं गेला. तिनं ओळ पुन्हा टाइप केली. एक सूर आला आणि थांबून राहिला. दुसरी ओळ, त्यावर दुसरा सूर. आता लोक वळून बसले होते. बोट कळीवर पडतं, पडद्यावर आकडा उमटतो आणि आवाज फिरतो, हे डोळ्यांना दिसत होतं.

"आकडा सांगा कोनी," ती म्हणाली. "शंभराच्या आतला."

मग बायकांतून रुख्मिणीच म्हणाली, "चाळीस."

धम्मदीपानं चाळीस टाकला. सूर उडी मारून वर गेला. रुख्मिणीनं तोंडावर पदर धरला. मग आकड्यांचा पाऊसच पडला. काही गोड लागत, काही कानाला टोचत, आणि टोचले की लोक हसत. भागवत मान डोलवत ठेका वेगळा करत होता. कॅसेटची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

नानाजी इतका वेळ हनुवटीखाली काठी धरून गप्प बसले होते. त्यांनी हात वर केला.

"बाई, मले काळी एकचा सा दे. खालचा. आन् थांबव त्याले."

पेटीच्या पट्ट्यांचे आकडे तिनं घरी वहीत काढून ठेवले होते. तिनं नऊ टाकला. खोल, सरळ सूर मंडपभर पसरला.

"पंचम."

सदतीस.

नानाजींनी डोळे मिटले. भागवतनं आपण होऊन ठेका थांबवला. म्हाताऱ्यानं 'सा' लावला, तो कॉम्प्युटरच्या सुरात असा मिसळला की कुठला कुणाचा ते कळेना.

"आता कोमल गंधार."

तिनं तिसरा सूर टाकला, एकवीस. नानाजींचा चेहरा किंचित आंबला.

"हा तं पेटीतला झाला. माह्या गुरूचा ह्याच्याहून उतरेल होता. पेटीत तो येतच नाई. म्हणून मी तिथं आलो का पेटीवाल्याले गप बसवतो." पेटीवाला शेजारीच होता, त्यानं हसून हात जोडले. "तुह्या डब्यात हाये का?"

पेटीच्या एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंत ह्या यंत्रात चार आकड्यांचं अंतर असतं, हे धम्मदीपाला पहिल्यापासून माहीत होतं. मधले आकडे बेसूर म्हणून तिनं कधी वापरले नव्हते.

तिनं एकवीसच्या जागी वीस टाकला.

फरक केसाएवढा होता. पुष्कळांना तो कळलाही नसेल. पण नानाजींची काठी हातातून सुटून सतरंजीवर पडली.

"हाच," ते म्हणाले. "हाच व तो."

आणि ते गायले. शब्द नव्हते, नुसता 'आ'कार. फिरून फिरून त्या गंधारावर येत, आणि आले की कॉम्प्युटर तिथं आधीच उभा असे. धम्मदीपाला काही करायचं नव्हतं. ती कळांवरून हात काढून उभी राहिली, आणि आपल्या हातून काय झालंय ते ऐकत राहिली. पोरांना गप्प बसा म्हणावं लागलं नाही. बाहेर जनरेटर घरघरत होता, पण तोही थोड्या वेळानं ऐकू येईनासा झाला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. विनोद टेबलाशी येऊन वाकला आणि आता अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, लाइन परत आली. डिझल संपत आलं. पण जनरेटर काढला का तुमचं सगळं जाईन ना?"

"जाईल."

"मंग काय करू?"

तिनं नानाजींकडं पाहिलं. ते शेवटच्या सुरावर उतरत होते.

"त्याहिचं होऊ दे. मंग काढ."

नानाजींनी 'सा' वर श्वास सोडला. विनोदनं पाचेक क्षण वाट पाहिली आणि खटका पाडला. तिन्ही सूर एकदम गेले. पेटीवाल्यानं खाकरून भाता उघडला, कारण भजनाची वेळ झाली होती.

सामान आवरायला चार हात जास्तीचे आले. टीव्ही विनोदनं स्वतः उचलला. भागवत वायरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मळणी तं राह्यलीच."

"राहू दे."

"पुढच्या बारीले नानाजीले वाशिमले आणू का?"

"इचार त्याहिले. आन् येतील तं सकाळीच आण, जेवूनच जातीन."

रुख्मिणीनं तिला बायकांत बसायला जागा करून दिली आणि हातात चहाचा कप ठेवला. भजन सुरू झालं. पेटी, मृदंग, टाळ, सगळं नेहमीसारखं. पहिल्या कडव्यात नानाजी त्या जागेवर आले, पेटीवाल्यानं हात उचलला, आणि म्हाताऱ्याचा गळा एकटाच त्या उतरलेल्या सुरावर टेकला. धम्मदीपानं मनातल्या मनात आकडा म्हटला आणि चहाचा घोट घेतला.