कोपऱ्यातलं पाणी

मित्रांनो, मी एक जुना बाथटब आहे. हसू नका. घोड्यांच्या कुरणात बाथटब कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं होतं. पण आता घोडे माझ्यातलं पाणी पितात आणि खरं सांगतो, माणसांना आंघोळ घालण्यापेक्षा हे काम मला जास्त मानवलं आहे. घोडे निदान डोळ्यांत साबण गेला म्हणून भोकाड पसरत नाहीत.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. वितळलेलं बिडाचं लोखंड साच्यात ओतलं, निवल्यावर आतून पांढराशुभ्र मुलामा चढवला आणि खाली चार वाकडे पाय बसवले. जिन्यावरून वर नेताना हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मात्र मनातून सुखावलो होतो, कारण वजनदार असणं मला पहिल्यापासून आवडतं.

ज्या घरात गेलो तिथे दोन मुलं होती, थोरला आणि धाकटी. संध्याकाळी आई दोघांना एकदमच माझ्यात बसवायची आणि मग रोजचा गोंधळ सुरू व्हायचा. नळाकडची उबदार बाजू थोरल्याची, तांब्याही थोरल्याचा. धाकटी दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसायची. तिथे माझा मुलामा थोडा उडाला होता, त्या खळग्यात ती बोट घालून ठेवायची. आई ओरडली, धपाटे घातले, थोरल्याला एकट्याला आंघोळ घालून पाहिली. तो अजूनच फुरंगटला. शेवटी एक दिवस तिने दुसरा तांब्या आणला आणि दोघांना समोरासमोर, मधोमध बसवलं. त्या दिवसापासून माझ्यात फक्त हसणं ऐकू आलं. शेजारीण कौतुक करायला लागली तेव्हा आई म्हणाली, “अहो, पोरगा वाईट नव्हता. तांब्या एकच होता.”

मुलं मोठी झाली. भिंतीत शॉवर आला आणि मी मागच्या अंगणात गेलो. काय सांगू, फार वाईट दिवस होते ते. पाय गंजले, अंगात पालापाचोळा साठला. एका मांजरीने माझ्यात पिल्लं घातली, तेवढीच काय ती सोबत. पुढे घर विकायला निघालं तेव्हा भंगारवाला मला टिचक्या मारून बघत होता. तेवढ्यात धाकटी आली आणि म्हणाली, हा द्यायचा नाही, माझ्या घोड्यांना होईल.

धाकटी आता चांगली पोक्त बाई झाली होती. तिचं कुरण होतं. ज्यांच्याकडे घोडा आहे पण जागा नाही, ते आपला घोडा तिच्याकडे ठेवायचे आणि येऊन-जाऊन भेटायचे. सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणतो. मावशींनी मला घासूनपुसून कुरणाच्या कोपऱ्यात ठेवलं, जिथे दोन कुंपणं मिळतात तिथे. पाण्याचा पाइप तिथवरच पोचत होता. त्यापुढचा विचार कोणीच केला नाही.

कळप तसा शहाणा होता. भुरी नावाची घोडी त्यांची म्होरकी. ती लाथ मारत नसे, दातही दाखवत नसे. एक कान मागे केला की समोरचा आपला बाजूला सरकायचा. सगळ्यांत म्हातारी घोडी होती तिला आम्ही आजीबाई म्हणायचो. ती पाणी पिताना मध्येच थांबून विचार करायची, आणि ओठांवरून पाणी पुन्हा माझ्यात ठिबकायचं. माझी ती फार लाडकी.

मग सुभेदार आला. काळाभोर, उंच, देखणा. त्याची मालकीण शाळेत शिकवायची, तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. बिचारी शाळा सुटली की धापा टाकत यायची. दोन ठिकाणांहून सुभेदाराला दांडगाईपायी काढून टाकलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं तिला तोंडावर सांगितलं होतं. इथेही जमलं नाही तर तिला त्याला परक्या माणसाच्या हवाली करावं लागणार होतं, आणि मग तो कुठे जाईल, कोणाच्या हाती पडेल, ते तिला कधीच कळलं नसतं.

आणि इथेही जमेना. सुभेदार माझ्यासमोर आडवा उभा राहायचा, कान मानेला चिकटवून, मागचा पाय उचलून. बळी तो कान पिळी! बाकीचे घोडे चपळ होते, निसटायचे. आजीबाई मात्र एकदा कुंपण, मी आणि सुभेदार यांच्यामध्ये अडकली. पुढे जागा नाही, मागे जागा नाही. खांद्यावर सणसणीत लाथ बसली. त्यानंतर सुभेदार आसपास असताना ती कोपऱ्याकडे फिरकेना. मी काठोकाठ भरलेला असायचो आणि ती लांब उभी राहून ओठ चाटायची. मला रडू यायचं, मित्रांनो. पण बाथटब रडला तरी कोणाला कळणार? तो ओलाच असतो.

त्यात मास्तरीणबाईंचं प्रेम. त्या रोज ह्याच कोपऱ्यात कुंपणावरून हात घालून त्याला गाजरं भरवायच्या. वासाने सगळा कळप गोळा व्हायचा, की सुभेदार चवताळून एकेकाला पिटाळायचा. बाई म्हणायच्या, माझ्या बाळाला सगळे त्रास देतात. आता बोला!

मावशींनी त्याला वेगळ्या आवारात एकटं ठेवून पाहिलं. तो दिवसभर कुंपणालगत येरझाऱ्या घालायचा, हाका मारायचा, धड चरायचासुद्धा नाही. परत सोडला तर आधीपेक्षा दुप्पट दांडगा.

मग एका दुपारी आजीबाईला पोटशूळ उठला. ती जमिनीवर लोळायला लागली, सारखी वळून पोटाकडे बघायची. जनावरांचे डॉक्टर आले. नाकातून नळी घालून तिच्या पोटात पाणी आणि तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. म्हणाले, आतडं कोरडं पडलंय, हिला पाणी कमी मिळतंय. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी तर भरलेला होतो. संध्याकाळी आजीबाईने लीद टाकली तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मावशींनी मास्तरीणबाईंना बाजूला घेतलं आणि दुसरी जागा बघायला सांगितलं. आवाज मऊ होता, पण शब्द फिरणारे नव्हते. बाई भांडल्या नाहीत. नुसत्या माझ्या काठावर येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावला. सुभेदार मागून येऊन त्यांच्या केसांत नाक खुपसत होता. दांडगट म्हणे! मला दोघांचीही दया आली.

दुसऱ्या दिवशी मावशी चहाचा कप घेऊन आल्या आणि माझ्याजवळ बादली पालथी घालून बसल्या. काहीच करत नव्हत्या, फक्त बघत होत्या. मोकळ्या रानात सुभेदार भुरीच्या शेजारी चरत होता. भुरीने एक कान हलवला आणि हा एवढा धिप्पाड गडी भिजल्या मांजरासारखा चार हात लांब झाला. तिथे ना लाथ, ना दात. पाण्यासाठी कोपऱ्यात आला की मात्र त्याचं अंग ताठ व्हायचं. एक घोट प्यायचा, मागे बघायचा. पुन्हा घोट, पुन्हा मागे. त्याची कातडी थरथरत होती. तो घाबरला होता, हो. मला रोज दिसत होतं, पण सांगणार कोणाला?

मावशींचा हात माझ्या काठावरून फिरता फिरता आत गेला आणि त्या जुन्या खळग्यात बोट अडकलं. त्या एकदम थांबल्या. चहा तसाच गार झाला. मग उठल्या आणि मास्तरीणबाईंना फोन लावला.

“जागा बघू नका. सुभेदार कुठे जात नाही, टब जातोय.”

माझं जाणं काही सोपं नव्हतं. दोर बांधून ट्रॅक्टरने ओढलं, त्यात माझा एक पाय मोडला. त्या जागी विटा लावल्या. आता मी कुरणाच्या मधोमध आहे. कोणत्याही बाजूने या, कोणत्याही बाजूने पळा. लांब पलीकडे निळं पिंप उभं चिरून आडवं ठेवलं, दुसरं पाणी म्हणून. प्लास्टिकचं! थोडी जळजळ झाली माझी, नाही म्हणत नाही. गवताचे ढीगही घोड्यांपेक्षा एक जास्त, आणि एकमेकांपासून दूर. एकाला कोणी हुसकलं तर त्याला दुसरा ढीग असतोच. सुभेदाराला आधी कुंपणापलीकडे भुरीच्या शेजारी ठेवलं, मग तिच्याबरोबर एकत्र, मग हळूहळू कळपात. गाजर मात्र फाटकाबाहेर नेऊनच द्यायचं. मास्तरीणबाईंनी तोंड जरा वाकडं केलं, पण ऐकलं.

सुभेदार काही संत झाला नाही. अजूनही आधी तोच पितो, अजूनही कान मागे घेतो. कळपात मानपान असायचाच. पण आता आजीबाई शांतपणे वळते आणि पिंपावर जाते. तिच्या बरगड्या झाकल्या गेल्या. पिंपाला मी माफ केलं.

आणि परवा, भर उन्हात, सुभेदार माझ्यातलं पाणी पीत असताना आजीबाई दुसऱ्या टोकाला आली. तिला चालायचा कंटाळा आला असेल. सुभेदाराने मान वर केली. एक कान मागे गेला. ती थांबली. कुंपणाजवळ मास्तरीणबाईंनी मावशींचा दंड घट्ट धरला. मग तो कान सावकाश पुढे आला, आणि दोन नाकं माझ्या पाण्यात उतरली, समोरासमोर. आजीबाई मध्येच थांबून विचार करायला लागली, तरी तो हलला नाही.

मास्तरीणबाईंचे डोळे भरले. मावशी हळूच म्हणाल्या, “पोरगा वाईट नव्हता. तांब्या एकच होता.”

“कोण पोरगा?”

“माझा दादा. ह्याच टबात.”

मित्रांनो, कोणी दांडगाई करताना दिसला तर दुबळ्याला आधी बाहेर काढा, ते पहिलं. पण दांडगटाला हाकलण्याआधी त्याचं पाणी कोणत्या कोपऱ्यात ठेवलंय तेही एकदा बघा. आणि इकडे आलात तर माझ्या अंगावरचं शेवाळ तेवढं घासून जा. आजीबाईला स्वच्छ पाणी आवडतं, आणि आता ती रोज येते.