धागा का तुटतो

मिस्त्रींना जगातली एकच गोष्ट यायची, ती म्हणजे शिलाई मशीन. गोड बोलता यायचं नाही, लग्नकार्यात गेले तर हात कुठे ठेवावेत तेही कळायचं नाही. पण मशीन बिघडली की नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. लोकांनी फोन करायचा, मशीनजवळ धरायचा, पाय मारायचा, आणि इकडे मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकायचं. "सुई उलटी बसलीय." "बॉबिनमध्ये कचरा आहे." "तेल घाला हो, ओरडतेय बिचारी." एवढं सांगून फोन खाली. याचे पैसे घ्यायचे नाहीत, त्यामुळे फोन दिवसभर खणखणायचा. फुकटचा सल्ला कुणाला नको असतो?

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला खिळ्यांवर पट्टे लटकलेले, मधे एक लांब टेबल, टेबलाखाली उघड्या मशिनी, आणि सगळ्यावर तेलाचा एक वास. मागच्या पडद्याआड स्टोव्ह आणि खाट. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलात का, गोळी घेतलीत का, बरं ठेवतो. मुलगा वाईट नव्हता हो, बापाशी काय बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि बापालाही.

या मुलानेच त्यांना सरकारी सल्ला योजनेत अडकवलं. छोट्या दुकानदारांना कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला शिकवायची, तीही सरकारच्या खर्चाने, अशी ती योजना. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने नाव दिलं, चष्मेवाल्याने दिलं, मग मुलाने परस्पर बापाचंही दिलं. एक दिवस खांद्याला पिशवी लावून एक मुलगी दारात उभी राहिली. मी सल्लागार, म्हणाली. वयाने सुनेएवढी. मिस्त्री तिला ताई म्हणायला लागले, ती त्यांना काका.

मुलगी भली होती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिलाच बोल लावाल. आल्या आल्या तिने शहाणपणा शिकवला नाही. चार दिवस नुसती स्टुलावर बसून राहिली, फोन मोजत, तेलकट कपातला चहा पीत. मग म्हणाली, "काका, तुमचे हात सारखे तेलात, आणि फोन सारखा वाजतो. निम्मं काम फोनच खातोय. आपण फोन उचलायला एक सहायक बसवू. माणूस नाही, आवाज. लोक तिला विचारतील, ती उत्तर देईल. जे तिला येणार नाही तेवढंच तुमच्याकडे येईल."

"तिला काय कळतंय मशीनमधलं?"

"तुम्ही शिकवाल तेवढं सगळं कळेल."

मग तिने वही नाही, पेन नाही, मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, बोला. आता शिकवायचं म्हटल्यावर मिस्त्रींची कळी खुलली. जन्मभरात इतकं कुणी त्यांना बोलू दिलं नव्हतं. बोलता बोलता तिने विचारलं, "बरं काका, तोच तोच प्रश्न विचारून सगळ्यात जास्त डोकं कोण खातं?"

आणि इथे मिस्त्रींनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

त्याचं असं होतं, की दर गुरुवारी दुपारी एका बाईंचा फोन यायचा. पायाची जुनी मशीन, आणि एकच तक्रार, धागा तुटतो. गेली दोन वर्षं. नाव त्यांनी सांगितलं नव्हतं, यांनी विचारलं नव्हतं. आधी मशीन ऐकायची. मशीनच्या मागे घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, कधी कुकरची शिट्टी. मग मिस्त्री काहीतरी सांगायचे, सुई बदलून बघा, धागा थोडा सैल करून बघा, रीळ बदला. बाई "बघते हं" म्हणायच्या. मग इकडचं तिकडचं. तुमच्याकडे ऊन फार आहे का? आज जेवायला काय केलंत? मिस्त्री म्हणायचे, खिचडी. बाई म्हणायच्या, मागच्या गुरुवारीही खिचडीच होती. एवढंच. पण त्या एवढ्यावर मिस्त्रींचा आठवडा निघायचा. गुरुवारी ते दाढी करायचे. फोनवर दाढी दिसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

तर मुलीने विचारलं, डोकं कोण खातं, आणि मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपलं गुपित हिला कळलं की काय, असं वाटलं त्यांना. चोराच्या मनात चांदणं. म्हणून त्यांनी तोंड वाकडं करून सांगितलं, "आहेत एक बाई. दर गुरुवारी. धागा तुटतो, धागा तुटतो. नुसता वैताग."

"मग सगळ्यात आधी तोच प्रश्न घेऊ," मुलगी म्हणाली. "धागा का तुटतो? एकूण एक कारणं सांगा, काका. काही राखून ठेवू नका."

मिस्त्रींनी राखून ठेवलं नाही. कारागिराचा मान आड आला. सुई, ताण, रीळ, बॉबिन सगळं सांगितलं, आणि शेवटी तेही सांगितलं, की हे सगळं करूनही पुन्हा पुन्हा तुटत असेल तर सुईखालची पट्टी काढा, सुई जाते त्या भोकाच्या कडेवर नख फिरवा. सुई आपटून तिथे बारीक खरखर आलेली असते, धागा तिथे कापला जातो. पॉलिश पेपरची वात करून भोकातून फिरवा. काम फत्ते.

गुरुवारच्या बाईंच्या मशीनला नेमकं हेच झालं होतं. मिस्त्रींना ते पहिल्याच फोनला ऐकू आलं होतं.

ऐकू आलं होतं, आणि सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी घाई होती म्हणून, म्हटलं आधी सुई बदलू दे. पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन आला आणि बाई म्हणाल्या, तुमचा आवाज बसलाय, गरम पाणी प्या. मग राहूनच गेलं. आणि मिस्त्रींनी मनाची समजूत घातली होती, की बाईंनाही ते कळलंय. नाहीतर कुणी शहाणं माणूस दोन वर्षं त्याच माणसाला तेच विचारत राहील का? त्यांनाही बोलायला कुणी नसेल. त्या विचारण्याचं नाटक करतात, आपण सांगण्याचं. असा त्यांचा हिशेब, एकट्यानेच मांडलेला.

सहायक बसली. तिचा आवाज गोड, बोलणं ठाशीव. मिस्त्रींनी तिचं नाव बोलकी ठेवलं. फोन आला की मुलीने टेबलावर आणून बसवलेल्या डब्यावर हिरवा दिवा लागायचा, बोलणं झालं की विझायचा, आणि मोबाईलवर यायचं, 'प्रश्न सुटला.' पहिले दोन दिवस मिस्त्रींना मजा वाटली. कधीपासून पडून असलेल्या चार मशिनी हातावेगळ्या झाल्या.

गुरुवारी त्यांनी दाढी केली. दुपारी दिवा लागला. हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच धरून ते बघत राहिले. म्हणतील बाई, मिस्त्रींना द्या. आत्ता म्हणतील. रिसीव्हर उचलायला हात गेलासुद्धा, पण उचलून बोलायचं काय? मला नको असताना मीच हिला बसवलीय, असं? दिवा बराच वेळ तेवला आणि विझला. 'प्रश्न सुटला.'

पुढच्या गुरुवारी फोन नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिस्त्रींनी दाढी करणं सोडलं.

एकदा तर त्यांनी वेड्यासारखं केलं. पडद्याआड खाटेवर बसून मोबाईलवरून स्वतःच्याच दुकानाला फोन लावला. पडद्यापलीकडे दिवा लागला.

"नमस्कार. आपल्या मशीनला काय त्रास होतोय?"

"त्रास काही नाही," मिस्त्री म्हणाले.

"छान. मग मी आपली काय मदत करू?"

बोलकीने दोनदा विचारलं आणि शेवटी आभार मानून स्वतःच फोन ठेवला. मोबाईलवर आलं, 'प्रश्न सुटला.' मग मात्र त्यांना रडू आलं, आणि स्टोव्हवर खिचडी लागली.

महिन्याने सल्लागार मुलगी पाहणीला आली. आकडे बघून खूश झाली. गल्लीत सगळ्यात चांगलं काम तुमच्याकडे चाललंय, म्हणाली. मग तिच्या यादीतला नेहमीचा प्रश्न तिने विचारला, "वाचलेल्या वेळात काय करता, काका?"

"बसतो," मिस्त्री म्हणाले.

ती हसणार होती, पण त्यांचं तोंड बघून थांबली. स्टूल ओढून बसली. मिस्त्रींनी पाना कापडाने पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, "त्या गुरुवारच्या बाई. वैताग नव्हता तो. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मुलगी हुशार. जास्त विचारलं नाही. "साधं आहे," ती म्हणाली. "गुरुवारी दुपारपुरतं तिला बंद ठेवू. फोन थेट तुमच्याकडे येईल. एक बटण दाबायचं. आणि त्यांचा नंबर मोबाईलवर आलेला आहे, तुम्ही आपणहून विचारपूस केलीत तर वावगं काही नाही. लावा तुम्ही. मी चष्मेवाल्यांकडे जाऊन येते, मग बटणाचं बघू."

ती गेल्यावर मिस्त्रींनी हात साबणाने धुतले. मग फोन लावला. पलीकडे मशीन चालल्याचा आवाज आला, आणि थांबला.

"मी मिस्त्री बोलतोय. मशीनवाला."

"अगं बाई, तुम्ही होय. बोला की."

"म्हटलं, धागा कसा आहे आता?"

"अहो, काय सांगू. एकदासुद्धा तुटला नाही. तुमच्या त्या फोनवरच्या मुलीने सांगितलं, पट्टी काढा, भोकावर नख फिरवा. फिरवलं, तर खरंच खरखर. दहा मिनिटांचं काम हो. हुशार पोरगी आहे. लेक का तुमची?"

"नाही. नवीन ठेवलीय."

"तुम्हीच शिकवलं असेल तिला."

"हो."

बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

झाकली मूठ ठेवता आली असती. हल्लीच कळलं म्हणता आलं असतं, बाईंनी विश्वासही ठेवला असता. पण दोन वर्षं त्यांनी या बाईंना अर्धंच सांगितलं होतं, आता पुन्हा अर्धं सांगायची हिंमत होईना.

"होतं. पहिल्या फोनपासून."

"मग?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फोन केला नसता."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. "मला वाटायचं, माझ्याच हाताला काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या. "वय झालं, हात थरथरतो, कापड ओढलं जातं, म्हणून तुटतो. उशांच्या खोळी शिवायचं काम यायचं मला दुकानातून. ते मीच होऊन परत केलं, म्हटलं आता नाही जमत आपल्याला. आणि तुमच्याबद्दल सगळ्यांना सांगायचे हो मी. एवढा कामाचा माणूस, पण कंटाळत नाही, दर वेळी नवीन काहीतरी शोधून सांगतो."

नाटक एकट्याचंच होतं, हे मिस्त्रींना आत्ता कळत होतं. "मी येऊन जातो," ते कसंबसं म्हणाले. "सगळी मशीन खोलून, साफ करून..."

"आता कशाला? चाललंय की छान." मग त्या म्हणाल्या, "ठेवते हं. शिवण अर्ध्यात सोडून उठलेय."

पण फोन त्यांनी लगेच ठेवला नाही, की ठेवायचा विसरल्या, कोण जाणे. मशीन सुरू झाली. मिस्त्रींनी सवयीने डोळे मिटले. लांबलचक, सरळ शिवण. कुठे अडखळ नाही, कुठे तुटणं नाही, पायाची लय एकसारखी. हात असा स्थिर असल्याशिवाय मशीन अशी चालत नाही. त्यांनी शिवण संपेपर्यंत ऐकलं. मग फोन बंद झाला.

सल्लागार मुलगी चष्मेवाल्याकडून परत आली तेव्हा मिस्त्री टेबलाशी बसले होते, हात धुतलेले, समोर उघडी मशीन तशीच.

"झालं का बोलणं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डब्यापाशी वाकली. "हे बघा, काका, हे बटण. गुरुवारी दुपारी हे दाबलं की ती गप्प."

"नको, ताई," मिस्त्री म्हणाले.

"का हो? एवढं तर सोपं आहे."

"ती सगळं सांगते लोकांना. राहू दे तिला." मग पाना उचलून मशीनवर वाकत त्यांनी सांगितलं, "गुरुवारी तर बंद करूच नका."