खुंट्यांभोवतीची माती

कोळसा कंपनीत मला सगळे ‘खुंटीसाहेब’ म्हणत. खाण बुजवून वर माती पसरली की ती तपासायची, हे माझं सरकारी काम. चाळीस एकरांत चाळीस लोखंडी खुंट्या. दर वर्षी त्याच खुंट्यांपाशी गिरमिट फिरवायचं आणि माती किती खोल आहे ते लिहायचं, म्हणजे मागच्या आकड्याशी ताडून बघता येतं. खुंटी सोडून भलतीकडे भोकं पाडणाऱ्या नव्या माणसांना मी फाडून खायचो. त्या नावाचा मला अभिमानच होता, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी शेवटची तपासणी होती. मी सही केली की सरकारकडची अनामत कंपनीला परत आणि जमीन मावशीला परत. मावशी म्हणजे जमिनीची मूळ मालकीण. तिने एकोणीस वर्षं लेकीच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत काढली होती. नवरा त्याच खोलीत गेला. ‘मला आपल्या जमिनीत पुरा’ म्हणत गेला, पण तेव्हा तिथे दोनशे फूट खड्डा होता. त्याला गावाबाहेर, नंबर लावलेल्या रांगेत पुरावं लागलं.

ती सकाळीच आली होती. पायात नवे बूट, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात अंजिराचं रोप.

“साहेब, तुमचं चालू द्या. मी मधे मधे करणार नाही.”

“मावशींना आमच्यापेक्षा घाई,” कंपनीचा मॅनेजर हसला.

अडतीस खुंट्या झाल्या. प्रत्येकीपाशी पुरती दोन फूट, भुसभुशीत माती. मी खूश होतो. तेवढ्यात मागून खणकन आवाज आला.

घराचं मागचं दार पूर्वी जिथे होतं, ती जागा मावशीने पावलं मोजून शोधली होती आणि तिथे ती खणत होती. “दगड लागला वाटतं,” म्हणत ती थोडी सरकली. पुन्हा खणकन.

मी जवळ गेलो. गवताखाली चार बोटं माती आणि त्याखाली खाणीतून निघालेला दगडाचा चुरा. मी आणखी दहा ठिकाणी खणून पाहिलं. सगळीकडे तेच. मग खुंटीपाशी येऊन तिथून बाहेर खणत गेलो. तीन पावलांपर्यंत दोन फूट माती. चौथ्या पावलाला चार बोटं.

“साहेब, खुंट्यांपाशी भरतंय ना?” मॅनेजर हळूच म्हणाला. “कागदावर खुंट्याच आहेत. पाच वर्षांपूर्वी माती पसरली तेव्हा तुम्हीच तर पास केलंत.”

मला फसवलं म्हणायलाही तोंड नव्हतं. मी कुठे बघतो हे त्यांना ठाऊक होतं, एवढंच. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा संताप आला, तोही बराचसा स्वतःचाच.

मावशीला मी सगळं सांगितलं. सही केली तर कंपनी निघून जाईल आणि पदरात हा दगड राहील. नाही केली तर त्यांना नवी माती आणावी लागेल, पुन्हा पेरावं लागेल, आणि तिथून तपासणीची पाच वर्षं नव्याने मोजायची.

“पाच?” ती म्हणाली. तिला एक्याऐंशीवं चालू होतं. “सही कर रे बाबा. वर गवत तर आहे ना?”

“तीन वर्षांत तेही जळून जाईल, मावशी.”

“तीन वर्षं खूप झाली मला.”

मॅनेजरने तत्परतेने पेन पुढे केलं. मी माझंच काढलं. ‘नापास’ लिहिलं, आणि खाली पाच वर्षांपूर्वीची माझी सहीही चुकीची होती असं लिहिलं. मॅनेजर गाडीचं दार आपटून निघून गेला.

मावशीने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती अडतिसाव्या खुंटीपाशी जाऊन उभी राहिली.

“इथे तरी खरी माती आहे ना?”

“आहे. सगळीकडून तीन पावलं.”

तिने इकडे तीन, तिकडे तीन पावलं टाकून पाहिली. “म्हणजे माणूस आडवा मावेल. खोल किती म्हणालास?”

“दोन फूट.”

तिने बुटाने माती जरा दाबून पाहिली.

“तेवढ्यात नाही भागायचं,” ती म्हणाली, आणि फावडं उचलून लेकीच्या घराकडे चालू लागली.