डोकं कुणापुढे ठेवायचं

घटस्फोट झाल्यावर पुरुष दाढी वाढवतात, दारू वाढवतात, नाहीतर बावीस वर्षांची बायको शोधतात. मी सिनेमा काढला. दाढी मला धड येत नाही, दारू डॉक्टरने बंद केलीय, आणि बावीस वर्षांच्या मुली मला बसमध्ये उठून जागा देतात.

सिनेमा अर्थातच एका गुणी, हळव्या, किंचित टक्कल पडलेल्या कलावंताचा होता. बायको पन्नाशीला आल्यावर त्याला सोडते, का सोडते ते त्याला कळत नाही, आणि मग तो बर्फात खूप चालतो. पटकथा माझी, दिग्दर्शन माझं, नायकही मीच. माझ्याइतका केविलवाणा दिसणारा नट अख्ख्या अल्माटीत नाही, असं मी निर्मात्याला सांगितलं. त्याने लगेच मान डोलावली. जरा विचार केल्यासारखं तरी दाखवायचं होतं त्याने.

खरं म्हणजे हा सिनेमा प्रेक्षकांसाठी नव्हताच. तो रौशानसाठी होता. रौशान म्हणजे माझी बायको, आता पूर्वीची. कोर्टात न्यायाधीशबाईंनी कारण विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हा घरात राहतच नाही." मी चक्रावलो. माझ्या सपाता, माझं पुस्तकांचं कपाट, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं घरातच तर होतं.

मला परत घरी जायचं होतं. ते तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी अख्खं युनिट कामाला लावलं. शेवटचा प्रसंग असा लिहिला: बर्फात चालून चालून दमलेला नायक घरी येतो. बायको दार उघडते. एक शब्द न बोलता जेवणाचं दस्तरखान अंथरते आणि मेंढीचं उकडलेलं अख्खं डोकं त्याच्यापुढे आणून ठेवते. आम्हा कझाकांत याहून मोठा मान नाही. नायकाच्या डोळ्यांत पाणी, प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी, रौशानच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन हजर.

हा प्रसंग मला खऱ्या घरात, खऱ्या बैठकीत करायचा होता. परवानगी मागायचं काम मी आमच्या मुलीवर, जिबेकवर सोपवलं.

"पापा, तुम्ही एकमेकांना फोन करा ना," ती म्हणाली. "मी काय टपाल खातं उघडलंय का?"

"तू नुसतं विचारून बघ. कलेचा प्रश्न आहे."

"तुमच्या दोघांपायी माझ्या सान्झारचे वर्षाला दोन वाढदिवस होतात. त्याला वाटतं, सगळ्यांचेच दोन असतात. परवा बालवाडीत त्यावरून मारामारी करून आला."

तरी तिने विचारलं. रौशानने तीन अटी घातल्या: बूट दाराबाहेर काढायचे, दिव्यांची धग तिच्या झाडांना लागू द्यायची नाही, आणि मांस तीच शिजवणार, कारण सिनेमावाल्यांना शिजवता येत नाही. तिसरी अट ऐकून माझं काळीज हललं. मला त्यात प्रेम दिसलं. मला तेव्हा बसच्या तिकिटातही प्रेम दिसत होतं.

शनिवारी दुपारी शूटिंग लागलं. जिबेकही सान्झारला घेऊन बघायला आली होती. कॅमेऱ्यामागे बेकमुरात आगा होते. आमच्या युनिटात वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे आगा, आणि बोलायला सगळ्यांत कंजूष. रौशानचं काम करणारी नटी डोक्याचं ताट घेऊन आली, खाली वाकली, मेंढीचं नाक माझ्याकडे वळवलं. माझे डोळे वेळेवर भरून आले. इतकं झकास मी कधीच रडलो नव्हतो. आणि तेवढ्यात कुणीतरी फसकन हसलं.

"कट!" मी ओरडलो. "कोण हसलं?"

"मी," रौशान म्हणाली. हातात झारा घेऊन ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "चालू दे तुझं."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही रे. हा माणूस घरी परत आलाय ना?"

"हो. कायमचा."

"मग ही बया त्याच्यापुढे डोकं का ठेवतेय?"

"मान म्हणून!"

"अरे, डोकं पाहुण्यापुढे ठेवतात. घरच्या माणसापुढे कोण ठेवतं?"

सगळं युनिट एकदम दिव्यांच्या वायरी तपासायला लागलं. बेकमुरात आगा खाकरले. "बरोबर बोलतेय ती, तोलेगेन. मला वाटलं, तू मुद्दाम तसं लिहिलंयस. बाई त्याला पाहुण्यासारखं जेवू घालते आणि वाटेला लावते. मला तर फार आवडला होता शेवट."

"मग घरच्याला काय देतात?" मी विचारलं. चोपन्न वर्षांचा कझाक माणूस हे चारचौघांत विचारतो, तेव्हा भिंतीवरचा गालिचासुद्धा तोंड फिरवत असणार.

"घरच्याला?" रौशान म्हणाली. "घरचा माणूस पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतो. ताटं उचलतो. पाहुणे गेले की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या उरलेलं हाड चोखतो. मला विचार ना, जन्म गेला हाडं चोखण्यात."

ही चूक माझ्या हातून कशी झाली ते मला तिथेच उमगलं. सिनेमासाठी पहिलं बक्षीस मिळाल्यापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक सुंतेच्या जेवणात डोकं माझ्यापुढे आलं होतं. मी गालाचा तुकडा कापायचो, दुवा द्यायचो, टाळ्या घ्यायचो. घरी तरी काय वेगळं होतं? चार मित्र घेऊन यायचो, मानाच्या जागी बसायचो, किस्से सांगायचो आणि हात पुसून उठायचो. कोर्टात रौशान अगदी खरं बोलली होती. मला लाज वाटली. कॅमेऱ्यापुढे वाटते तशी नाही, खरीच वाटली. कान तापले आणि बघायला कुठे जागा उरली नाही.

"मांस गार होतंय," रौशान म्हणाली. "आधी जेवून घ्या सगळे."

मी टुणकन उठलो. पाण्याचा चंबू आणि घंगाळ उचललं आणि एकेकाच्या हातावर पाणी घालत सुटलो. आगांची बाही भिजवली, ध्वनिवाल्याची पँट भिजवली, नटीची नखं दोनदा धुतली. अधूनमधून रौशानकडे बघत होतो, की बघतेयस ना? ती बघत होती. टॉवेल खांद्यावर टाकून मी दाराजवळ, सगळ्यांत खालच्या जागी बसलो. मनात म्हटलं, जमलं. डोकं आता आगांपुढे जाणार, आणि माझ्यापुढे काहीच येणार नाही. काहीच न मिळण्यासाठी एवढा आतुर मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

रौशान ताट घेऊन आली. आगांना ओलांडून पुढे आली. माझ्यापुढे वाकली आणि नाक माझ्याकडे वळवलं.

"रौशान," मी हळूच म्हणालो, "आगा मोठे आहेत."

"आगा तुझ्या कामावर आलेत. माझ्या घरी आज पाहुणा तू आहेस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. भांडणाचे संवाद मला छान जमतात. मी सुरी घेतली. गालाचा तुकडा कापून चाखला, मग रिवाजाप्रमाणे कान कापून नातवाला दिला.

सान्झारने कान निरखून पाहिला. "आजोबा, हा खाल्ला की मोठ्यांचं ऐकावं लागतं ना?"

"लागतं."

"मग तुम्हीच खा. आजी म्हणते, तुम्ही कुणाचं ऐकतच नाही."

सगळे हसले. मीही हसलो. कानाचे दोन तुकडे केले, एक त्याला दिला, एक मी खाल्ला. चावताना बराच वेळ कुरकुर आवाज होत होता.

जेवण झालं. आता दुवा पाहुण्याने द्यायची. माझ्या दुवा शहरभर नावाजलेल्या. त्यांत घोडे असतात, माळरान असतं, सात पिढ्या असतात. मी तळवे उघडले आणि एकही घोडा आठवेना.

"या घरात शांतता राहो," मी म्हणालो. "रौशानचे गुडघे दुखू नयेत. तिला कुणी जेवायला ताटकळत ठेवू नये. जिबेकचं टपाल खातं बंद होवो. सान्झारचा वाढदिवस एकच होवो, आणि त्याला मला बोलवा. आमीन."

सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. रौशानचे हात चेहऱ्यावर जरा जास्त वेळ राहिले. मग ती उठली आणि ताटं उचलायला लागली. मी मदतीला उठलो, तर जिबेकने माझ्या हातातून ताट काढून घेतलं. "राहू द्या पापा," ती प्रेमाने म्हणाली. ते प्रेम मला सहन झालं नाही.

दुवा झाल्यावर पाहुण्याने निघायचं असतं. दारात रौशानने माझ्या हातात मांसाचा डबा दिला. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

"रौशान, मी परत..."

"डबा परत आण," ती म्हणाली. "झाकणासकट. आधीचे तीन अजून तुझ्याकडेच आहेत."

"कधी आणू?"

"आधी फोन कर."

सिनेमाचा शेवट मी बदलला नाही. फक्त तिचं हसणं ध्वनिफितीवरून पुसलं नाही. पडद्यावर अंधार झाल्यावर ते ऐकू येतं. एका समीक्षकाने लिहिलं, ते नियतीचं हसणं आहे. नियतीच्या हातात तेव्हा झारा होता, हे त्याला कोण सांगणार?

चारही डबे घासून मी खिडकीत वाळत घातलेत. एकाचं झाकण सापडत नाही. सकाळपासून भाड्याच्या खोलीत पलंगाखाली, कपाटामागे, पटकथांच्या गठ्ठ्यांत तेच शोधतोय. ते मिळाल्याशिवाय फोन करायचा धीर होत नाही.