मुठीचा डबा

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट बायकांच्या बाजूला आलं. पुष्पांजलीनं आपला भाकरीचा तुकडा तोंडात टाकण्याआधी खिडकीच्या उजेडाकडं धरला आणि तो तसाच धरून राहिली. शेजारी बसलेल्या सुचितानं डोळे मिटून आपला तुकडा केव्हाच गिळला होता.

"वहिनी," पुष्पांजली ओठ न हलवता म्हणाली, "हे पाहा."

तुकड्याच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी अळी होती. तव्यावर भाजून तपकिरी पडलेली. डोकं बाहेर, बाकीचं अंग भाकरीत.

सुचिताच्या पोटातून एक आंबट लाट वर आली आणि घशाशी थांबली. आपण काय गिळलं? जिभेनं ती दातांमागं, टाळूला, गालाच्या आत चाचपत राहिली. काहीतरी मऊ लागलं असं वाटलं, मग काही नाही असंही वाटलं. समोर पाळक प्रेमबाबू प्याला उचलून आभार मानत होते आणि हिला रुमाल तोंडावर धरून बसावं लागलं. मनुकांच्या रसाचा घोट घशाला चिकटला.

आशीर्वाद होईपर्यंत ती अळी पुष्पांजलीच्या रुमालात गुंडाळलेली बायकांच्या सगळ्या बाजूनं फिरून आली होती.

वरवट बकालची ही ख्रिस्ती मंडळी म्हणजे अठरा घरं आणि टिनाचं छप्पर. प्रभुभोजनाची बेखमीर भाकर अकरा वर्षांपासून शालूबाई करत होती. शालूबाई म्हणजे बसस्टँडचे संडास धुणारी; विधवा, पासष्टीची, हाडापेरानं मोठी आणि बोलायला फटकळ. आधीच्या पाळकांनी ते काम तिला दिलं तेव्हा कोणी उघड हरकत घेतली नाही. देवाच्या घरात तसं बोलता येत नाही. फक्त ताट पुढं आलं की बोटं कडेकडेनं लहानात लहान तुकडा शोधायची. सुचिताही शोधायची. आणि तो चावायची नाही, सरळ गिळायची.

बाहेर चपला घालताना पुष्पांजलीचा आवाज मोकळा झाला. तिचा नवरा कडूबा मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी, त्यामुळं तिचं बोलणं निम्मं ठरल्यासारखंच असे.

"मी तं पह्यलेपासूनच म्हणत होती. सकाळी ते हात कुठी असतात अन् दुपारी पिठात. आज अळी निंघाली, उद्या काय निंघन?"

"हात धुते ना पण ते," झुंबरबाई म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी.

"धुतल्यानं जाते काय, मावशी?"

सगळ्यांनी सुचिताकडं पाहिलं. तिच्या शब्दाला तिथं वजन होतं. ती अंगणवाडीत शिकवायची, आणि इतकं हळू बोलायची की पोरं ऐकण्यासाठी गप्प होऊन जवळ सरकायची. ती खाली पाहत म्हणाली, "प्रभू पाहून घेईल."

एवढंच. पण त्यात होकार होता हे सगळ्यांना कळलं. नळावर ताट विसळत बसलेल्या शालूबाईलाही कळलं असावं, कारण तिनं नळ बंद केला आणि ताट पालथं घालून, कोणाकडं न पाहता निघून गेली.

शनिवारी महिला संघाची बैठक होतीच. ईस्टरची भाकर बेकरीतून आणायची आणि शालूबाईला 'आराम' द्यायचा, असं चपला घालता घालताच ठरलं.

घरी येऊन सुचितानं तीनदा चूळ भरली. चौथ्यांदा बोट घशात घालून पाहिलं. खारं पाणी आणि थुंकी, दुसरं काही आलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात मुठीचा डबा होता. दुपारी शालूबाईनं आणून ठेवलेला, तसाच पांढऱ्या फडक्यात बांधलेला.

या डब्याची गोष्ट मंडळीत सगळ्यांना ठाऊक होती. रोज पहाटे कणिक मळण्याआधी सुचिता पिठाची एक मूठ देवासाठी बाजूला काढायची. झाकण मुठीपुरतं उघडायचं, डोळे मिटायचे, घरातल्या एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठ आत सोडायची. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. नवरा रवी दवाखान्यात होता तेव्हाही शेजारणीकरवी मूठ पडली होती. शिवाय ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस गोड वर्ज्य आणि दुपारी बारा ते तीन मौन. उपवासकाळ भरला की डबा फडक्यात बांधून शालूबाईकडं जायचा आणि त्या पिठाची भाकर व्हायची. दरवर्षी पाळक उपासनेत तिचं नाव घ्यायचे आणि ती मान खाली घालायची. मान खाली घालताना आत काहीतरी ऊबदार पसरायचं, त्याला ती आनंद म्हणायची.

तिनं फडकं सोडलं आणि पहिल्यांदाच, डोळे उघडे ठेवून, झाकण पूर्ण काढलं.

कुबट, आंबूस वास आला, ओल्या पोत्यासारखा. डबा रिकामा होता. पण तळाच्या कडेकडेनं पिठाची जुनी खपली धरलेली होती, वर्षानुवर्षांची, पिवळट, आणि तिच्यावर कोळिष्टकासारखी जाळी. जाळीत अळ्या होत्या. एक वळली, तिच्यामागं दुसरी वळली. झाकणाच्या खाचेत लाल किडे चिकटून बसले होते, त्यातला एक तिच्या अंगठ्यावर चढला.

तिनं डबा मोरीत टाकला आणि आता मात्र ओकली.

रानात आकाशातून पडलेली भाकर लोकांनी मनाई असताना साठवली, तेव्हा तिच्यात किडे पडले आणि घाण सुटली, ही गोष्ट ती संडेस्कूलच्या पोरांना दरवर्षी सांगायची. पोरं "ईऽऽ" करायची. तिला ते "ईऽऽ" आवडायचं, तेवढ्यापुरती ती गोष्ट सांगायची. हावरट लोकांच्या भांड्यांबद्दल.

मोरीच्या कठड्याला धरून ती उभी राहिली. दुपारचं सगळं आता आठवलं. शालूबाई दारात आली होती, डबा छातीशी धरून. "ताई, ते पीठ..." म्हणाली होती. मौन चालू होतं. सुचितानं तर्जनी ओठांवर ठेवली होती आणि दुसऱ्या हातानं, माशी हाकलावी तसं, 'ठेव आणि जा' म्हणून खुणावलं होतं.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना झाली. शालूबाई शेवटच्या सतरंजीवर बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना हातहातभर जागा रिकामी होती. प्रार्थनेसाठी पुकारलं तेव्हा सुचिता उभी राहिली. आता सांगायचं, असं ठरवूनच उभी राहिली होती. पण तोंडातून निघालं ते असं : "प्रभू, आमच्यातल्या ज्या बहिणीकडून उणं घडलं, तिला तू सांभाळ." सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुष्पांजलीनं जरा मोठ्यानंच म्हटलं.

खाली बसताना सुचिताला स्वतःच्या आवाजाचीच शिसारी आली. तो मऊ होता, बुळबुळीत. आतून जाळी धरल्यासारखा.

चार वाजता ती शालूबाईच्या घरी गेली. दोन खोल्या, शेणानं सारवलेलं अंगण, चार कोंबड्या. शालूबाईनं खाट पुढं ओढली आणि पेल्यात पाणी दिलं.

"उपास आहे," सुचिता म्हणाली.

"पाण्याचा बी?"

सुचितानं पेला हातात धरून ठेवला. काठावर बोटांचे ठसे होते.

"अळ्या माझ्या डब्यातल्या होत्या."

"मले ठाव हाय."

"तुम्ही सांगायला आल्या होत्या."

"आली होती. तुम्ही हात हालवला." शालूबाईनं तो हात करून दाखवला, अगदी तसाच. "मंग मी काय करू? पीठ परातीत काढून ठेवलं होतं, डबा रिकामा आणला होता. माह्या घरी दोन पायली गहू होते. पण म्हटलं, देवाची मूठ हाय, चौदा वर्षांची, फेकली तं हेच लोक म्हणतीन, शालूनं अर्पण उकिरड्यावर टाकलं. तीनदा चाळलं. मोतीबिंदू हाय मले, बारीक दिसत नाही. एखादी राह्यली असन."

"काल नळावर होत्या तुम्ही. तेव्हाच का नाही बोललात?"

"काऊन बोलू?" शालूबाईचा आवाज चढला नाही, पण जड झाला. "सुचिताबाईचं पीठ किडलं असं म्हणलं असतं तं कोणी आयकलं असतं? मलेच झोडपलं असतं. अन् खरं सांगू काय, मले तुमचा राग आला होता. अजून हाय. आज तुम्ही उभ्या राह्यल्या तं वाटलं, बोलते आता. अन् तुम्ही माह्यासाठी प्रार्थना केली." ती बाजूला थुंकली. "माह्यासाठी."

कोंबडी खाटेखाली शिरली.  पेला सुचितानं तसाच भरलेला खाली ठेवला आणि शालूबाईनं ते पाहिलं.

"अकरा वर्षं झाली," शालूबाई म्हणाली. "ते ताट कोणाच्या हातात गेलं की बोटं कशी फिरतात, सारं दिसते मले. मोतीबिंदू असून दिसते. मले एवढंच एक काम हाय त्या घरात. ते गेलं तं मी तिथं येऊन बसू कायले? बसस्टँडवर काय कमी वास येते?"

शनिवारी दहा वाजता टिनाखाली बायका जमल्या. प्रेमबाबू मलकापूरहून मोटारसायकलवर आलेले, रजिस्टर उघडून बसले होते. शालूबाईला कोणी बोलावलं नव्हतं; ती आपणहून येऊन दाराशी उकिडवी बसली. पुष्पांजलीनं विषय मांडला. बेकरी, पाकीटबंद ब्रेड, स्वच्छता, आजकाल किती आजार. शालूबाईच्या सेवेबद्दल शाल आणि श्रीफळ.

"कोणाला काही म्हणायचं आहे?" पाळकांनी विचारलं.

सुचिता उठली. "चुका तर आपल्या सगळ्यांकडूनच होतात," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात. बायकांनी माना डोलावल्या. तो आवाज तिलाच ऐकू आला. ती थांबली. मग खाली वाकून पिशवीतून डबा काढला, सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं.

वास सुटायला वेळ लागला नाही. पुढच्या दोघी मागं सरल्या. कोणीतरी पदर नाकाला लावला. आतली एक अळी काठावर आली आणि दिशा विचारत असल्यासारखी हवेत डोकं हलवत राहिली.

"हा माझा मुठीचा डबा," सुचिता म्हणाली. "भाकर याच पिठाची होती. मी चौदा वर्षांत कधी तळापर्यंत धुतला नाही. पाहिलाच नाही. शालूबाई सांगायला आल्या तर मी मौन पाळत होते. गुरुवारी घरी गेल्यावर मला कळलं. काल मी हे माहीत असून प्रार्थना केली."

 पुष्पांजलीनंच तोंड उघडलं, आणि किती मायेनं उघडलं.

"अवं वहिनी, त्यात काय एवढं. उन्हाळ्याचे दिवस. पिठात पडतेच. माह्याकडं बी पडते."

"परवा उन्हाळा नव्हता काय?" सुचिता म्हणाली.

हे ती मोठ्यानं म्हणाली. इतक्या मोठ्यानं की टिनानं तो आवाज परत दिला. पुष्पांजलीचा चेहरा लाल झाला आणि सुचिताला तिचीही किळस आली. पण ती निम्मीच, कारण पुष्पांजली जे मोठ्यानं म्हणायची ते ही अकरा वर्षं मनात म्हणत आली होती. तेही सांगून टाकावं असं तिला वाटलं आणि तिनं सांगितलं. लहान तुकड्याचं. न चावण्याचं. सांगताना ती दाराकडं पाहू शकली नाही.

झुंबरबाईनं बोळक्या तोंडानं एक खोल श्वास सोडला. "मी बी," ती म्हणाली. बाकीच्या डब्याकडं पाहत राहिल्या. प्रेमबाबूंनी रजिस्टर मिटलं. ते बराच वेळ आपल्या बोटांकडं पाहत होते, मग म्हणाले, "उद्याची भाकर शालूबाई करतील. त्या तयार असल्या तर."

दाराशी हालचाल झाली. शालूबाई आत आली, डब्यात वाकून पाहिलं आणि तो काखेत मारला.

"कोंबड्यायले होईन," ती म्हणाली. जाता जाता सुचितापाशी थांबली. "पहाटे चार वाजता या. चाळणी घेऊन. मले दिसत नाही."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. सुचितानं ते ऐकण्याची वाट पाहिली होती, हेही तिच्या उशिरानं लक्षात आलं.

पहाटे चुलीच्या उजेडात आणि लोंबत्या बल्बखाली सुचितानं शालूबाईच्या गव्हाचं पीठ चाळलं. डोळे उघडे ठेवून. एक मूठ, दोन मुठी, नाव कोणाचं घेतलं नाही. चाळणीत कोंडा उरला, एक काडी उरली, आणखी काही नाही. शालूबाईनं नळावर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, मुद्दाम दिसेल असे, आणि कॅनच्या गोड्या पाण्यात कणिक मळायला घेतली. ते हात सुचिता पाहत होती. नखं जाड, पिवळी, कडेला ॲसिडनं पडलेल्या भेगा. त्या भेगांत पीठ शिरत होतं. पोटात तीच आंबट लाट उठली. काल सगळ्यांसमोर एवढं बोलून झालं होतं तरी ती गेली नव्हती, आणि जाईल असंही वाटत नव्हतं.

पहिली भाकर तव्यावर एका बाजूनं करपली. शालूबाईनं ती उतरवली.

"हे काही ताटात चालत नाही," ती म्हणाली. मधोमध मोडून अर्धी स्वतःच्या तोंडात घातली आणि अर्धी, ताटली न घेता, तशीच हातानं पुढं केली.

सुचितानं ती घेतली. अर्धी म्हणजे चांगली तळहाताएवढी होती. तिनं मोठा घास तोडला आणि चावायला लागली. भाकर गरम होती, करपट आणि कोरडी. लाळ सुटेना. घास तोंडात फिरत राहिला.

शालूबाई चुलीपाशी बसून, लाटणं मांडीवर ठेवून, तो खाली उतरेपर्यंत तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं परवाचाच पेला भरून तिच्यासमोर सरकवला.