ऑक्टोबरचं पान

घडी घातलेल्या चिठ्ठीच्या वरच्या अंगावर एक लाल फुली होती. छोटी, बॉलपेनने दोनदा गिरवलेली, डावी रेघ उजवीपेक्षा जरा लांब... आणि संघमित्राचा हात डब्यातून बाहेर येता येता तसाच राहिला, कारण ही फुली तिच्या ओळखीची होती. ओळखीची कसली, अशी फुली या चाळीत एकच बाई काढते. ती बाई मी.

फुलीच्या डोक्यावर लाल आकडा होता, बारा. त्यातल्या एकाचा अर्धा भाग कात्रीत गेलेला. म्हणजे रविवार. ऑक्टोबरची बारा तारीख. नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने गेल्या दिवाळीत फुकट दिलेलं कॅलेंडर, पाठकोरं, मोठ्या चौकोनांचं. मुलाला, भूषणला, फिट आली की त्या तारखेला लाल फुली, गोळी चुकली की निळा ठिपका, असं ती गेली चौदा वर्षं करत आली होती, आणि दर तीन महिन्यांनी ती पानं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यायची. या गुरुवारी नेमकं ऑक्टोबरचंच पान सापडेना. तिने कपाट उपसलं, गादीखाली पाहिलं, फ्रीजच्या मागे झाडू घातला. नवरा, अजित, चहा पीत बसला होता. "गेलं असेल रद्दीत," एवढंच म्हणाला, आणि ती त्याच्यावर उगाच खेकसली होती, की या घरात कुणाला कशाची किंमत नाही म्हणून.

रद्दीत नव्हतं गेलं. इथे आलं होतं.

"ताई, वाचा ना," पहिल्या रांगेतून दुर्गा म्हणाली. तिची मुलगी पाच वर्षांची, अजून बोलत नाही. दुर्गाला कुठल्याही शांततेची भीती वाटते, तीन सेकंद कुणी गप्प बसलं की तिचा जीव वरखाली होतो.

"वाचते, वाचते."

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, चार वाजता, डिलाईल रोडच्या या चाळीच्या समाजहॉलमध्ये ही बैठक भरते. अकरा वर्षं झाली. नाना महानगरपालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झाले आणि घरात बसवेना, म्हणून त्यांनी ती सुरू केली. ज्यांच्या घरात कायमचं आजारपण आहे त्यांच्यासाठी — आजाऱ्यासाठी नव्हे, आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांसाठी. आता जगात प्रत्येक आजाराने आपापला महिना आणि आपापला रंग बळकावून ठेवलेला, तेव्हा नानांनीही त्याप्रमाणे रिबिनी आणल्या. ऑक्टोबरला स्तनांच्या कॅन्सरची गुलाबी, एप्रिलला स्वमग्न मुलांची निळी, सप्टेंबर विसरणाऱ्यांचा म्हणून जांभळी, आणि नोव्हेंबर फिटवाल्यांचा, तोही जांभळाच. आजार उदंड आणि महिने बारा, रंग पुरणार कुठून? कांतामावशीचा नवरा गेली सहा वर्षं तिला 'बाई, तुम्ही कोण' म्हणून विचारतो. मावशी सप्टेंबरची रिबीन जपून ठेवते आणि नोव्हेंबरात पुन्हा लावते. "एक रिबीन, दोन सण," म्हणते, आणि स्वतःच हसते.

रिबीन लावायची, बुद्धवंदना म्हणायची, डॉक्टर किंवा कुणी आलं असेल तर त्यांचं दहा मिनिटं ऐकायचं. मग आजारी मुलं, म्हातारी माणसं चाळीतल्या सलोनीबरोबर पलीकडच्या खोलीत जायची, चित्रं काढायला. आणि दार लावून घेतलं की चिठ्ठ्या. त्या घरून लिहून आणायच्या, नाव न घालता, आणि येताना दाराजवळच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या. समोरासमोर जे तोंडातून निघत नाही ते लिहायचं. चिठ्ठी वाचून झाली की जिच्या किंवा ज्याच्या मनात कधी तेच येऊन गेलंय त्याने नुसतं उभं राहायचं. बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, नंतर जिन्यात अडवून विचारायचं नाही. वाचणाऱ्याने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली की उभे असलेले खाली बसतात. नानांचे नियम एवढेच. वाचायचं काम पहिल्या दिवसापासून संघमित्राकडे. बालवाडीत पोरांना गाणी शिकवून शिकवून तिचा आवाज असा झालाय की शेवटच्या रांगेत कुजबुजही पोचते.

शेवटच्या रांगेत, चहाच्या थर्मासजवळ, अजित बसला होता.

तो येत नाही कधी. 'झाकली मूठ सव्वा लाखाची,' हे त्याचं ठरलेलं उत्तर. आपला महिना म्हणून नोव्हेंबरात तेवढा येतो, मान खाली घालून चहा पितो आणि पहिला बाहेर पडतो. रात्रपाळीचा माणूस — जिथे त्याचा बाप गिरणीत साचे चालवायचा, त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या फाटकावर तो सुपरवायझर आहे — त्यामुळे दिवसा त्याच्या डोळ्यांत कायम वाळू असते. त्याने चिठ्ठी लिहिली? अजितने? थोरली मनवा लग्न होऊन माहीमला गेलेली, घरात उरलो आम्ही तिघं, भूषणला दोन ओळी सरळ लिहिता येत नाहीत, म्हणजे अजितनेच... आणि संघमित्राला एकदम, लाज वाटावी इतका, आनंद झाला. अकरा वर्षं लोकांच्या शेकडो चिठ्ठ्या वाचल्या, आणि आज माझ्या घरातला दगड बोलला. काय लिहिलं असेल? दमलो, असं लिहिलं असेल. भूषणचं पुढे काय, असं लिहिलं असेल. किंवा — हा विचार तिने घाईने बाजूला सारला, पण तो आलाच — किंवा माझ्याबद्दल काही चांगलं लिहिलं असेल. बावीस वर्षांत एकदा तरी माणूस लिहील की.

तिने घडी उलगडली. अक्षर मुद्दाम सुटं सुटं काढलं होतं, फाटकावरच्या रजिस्टरात लिहितात तसं. तिला हसू आलं. वेडा, अक्षर लपवलं आणि कागद विसरला.

ती वाचू लागली.

"मागच्या महिन्यात मुलाला फिट आली तेव्हा मी घरात होतो. मोरीत बादली पडली. आवाज मला आला."

आवाज छान लागला होता. शेवटच्या रांगेपर्यंत.

"मी जागा होतो. उठलो नाही. चादर डोक्यावर ओढली. मनात आलं, होऊन जाऊ दे एकदाचं. सुटेल तो. आम्ही पण सुटू."

थांब, असं ती स्वतःला म्हणाली. पण अकरा वर्षांची सवय जिभेला, जीभ थांबली नाही.

"मग गॅलरीत बायकोच्या चपला वाजल्या आणि मी झोपल्यासारखं केलं."

चिठ्ठी संपली. पलीकडच्या खोलीतून भूषणचं हसणं आलं, ते मोठं, घसरत जाणारं हसणं, आणि सलोनी म्हणत होती, "अरे, सूर्य हिरवा कुठे असतो का रे?"

बायकोच्या चपला. त्या माझ्या चपला. पायांतल्या याच.

तिला धक्का बसला असं म्हणणं कमीच. आपण उभ्या आहोत ती फरशी खरी आहे का, हे तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. मोरी आणि पलंग यांच्यात सहा पावलं आहेत. सहा. तिने त्या संध्याकाळी भूषणला मोरीत पाहिलं तेव्हा त्याची टाच बादलीवर आपटत होती, भुवई फुटून रक्त साबणाच्या पाण्यात मिसळत होतं, आणि त्याला कुशीवर वळवता वळवता तिने अजितला हाक मारली होती. तो दचकून उठला होता. उठल्याचं नाटक केलं होतं! केस विस्कटलेले, 'काय झालं, काय झालं' म्हणत... आणि मी? भुवईला चार टाके पडले, दवाखान्याच्या बाकावर नणंद चिडून म्हणाली, बाप घरात असून असं कसं, तर मीच त्याची बाजू घेतली. रात्रपाळीचा माणूस आहे हो, कानाशी ढोल वाजवला तरी उठत नाही. मी म्हणाले. मी. त्या रात्री त्याच्या पाठीवरून हातही फिरवला, बिचारा मनाला लावून घेईल म्हणून. त्याची पाठ तेव्हा दगडासारखी कडक होती आणि मला वाटलं, दुःखाने.

ओरडावं, असं तिला वाटलं. हा डबा त्याच्या डोक्यात घालावा, पोराचा हात धरून आत्ताच्या आत्ता माहीमला मनवाकडे जावं. हा माणूस आणि माझा मुलगा रोज दुपारी एका खोलीत एकटे असतात. मी बालवाडीत गाणी म्हणते तेव्हा. रोज.

तिने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. अजितची मान खाली. दोन्ही हातांत कागदी कप. हे सगळं त्याला माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं? की खरंच कागद विसरला? एकतीस दिवसांच्या पानातून नेमका बाराचा चौकोन कापताना कात्री चालवणाऱ्याला फुली दिसली नसेल?

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

कांतामावशी उभी राहिली होती.

संघमित्राला आधी वाटलं, तिला बाहेर जायचं असेल. पण मावशी कुठे गेली नाही. पदर सारखा केला, हात पोटाशी धरले आणि उभी राहिली. नवऱ्याला रोज दाढी करून देणारी, त्याने 'बाई' म्हटलं तर 'बोला साहेब' म्हणणारी कांतामावशी. तिच्यामागे डिलाईल रोडच्या पुलाखाली वडापावची गाडी लावणारा बाप, ज्याच्या मुलाच्या चित्रांना सगळे टाळ्या वाजवतात. मग आणखी एक. मग भिंतीजवळच्या तिघी. आणि मग, तोंडावर रुमाल दाबून, दुर्गा. पाच वर्षांच्या मुलीची आई! अगं तू कशाला उठतेस, असं संघमित्राच्या अगदी ओठांवर आलं. तू अजून चोवीस वर्षांची नाहीस, बस खाली.

नाना उठले. नानांनी उठावं? त्यांची बायको अंथरुणात नऊ वर्षं होती आणि नानांनी तिची सेवा केली ती सगळी चाळ आजही दाखला म्हणून सांगते.

निम्म्याहून जास्त हॉल उभा होता. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. जांभळ्या रिबिनी सगळ्यांच्या छातीवर, वाकड्यातिकड्या. अजितने खुर्च्यांचा आवाज ऐकून मान वर केली आणि त्याचा चेहरा तिला दिसला. तोही हादरला होता. एवढी माणसं उठतील हे त्याच्या स्वप्नातही नसावं, तो इकडे तिकडे पाहत होता, हत्तीच्या पायाखाली आलेलं पोर वाचल्यावर पाहील तसा. तो स्वतः मात्र बसलेलाच होता. लिहिणाऱ्याने उभं राहायचं की नाही, याचा नियम नानांनी कधी केलाच नव्हता.

चिठ्ठीची घडी घालायला हवी होती. लोक वाट पाहत होते.

घालते, असं ती मनात म्हणाली, आणि बोटांनी कागदाची कड धरली, आणि कागदाखालून सेफ्टी पिन बोटाला लागली. स्वतःच्याच पदरावरची, रिबिनीची. जरासंच टोचलं. आणि ऑक्टोबरची बारा तारीख पुन्हा समोर आली, पण या वेळी दुसऱ्या टोकाकडून, गॅलरीच्या टोकाकडून...

त्या रविवारी भूषण घरीच राहिला होता आणि ती याच बैठकीतून घरी निघाली होती. गुलाबी रिबीन. खुर्च्या रचायला थांबली म्हणून उशीर झालेला. तिसरा मजला चढून गॅलरीत पाऊल टाकलं आणि बादलीचा आवाज आला. तो आवाज काय आहे हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. आधी बादली, मग टाचेचा ठोका, ठक ठक ठक. आपल्या खोलीचं दार बारा पावलांवर होतं. आणि ती थांबली. थांबून तिने पदरावरची गुलाबी रिबीन काढली. पिन उघडली, रिबीन सोडवली, पिन पुन्हा नीट लावून बंद केली, दोन्ही पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या, कप्प्याची चेन लावली. मग चालू लागली. पळाली नाही. भूषणला छातीशी धरताना पिन टोचू नये म्हणून, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. एकदा पिन लागलीही होती त्याला, दोन वर्षांपूर्वी. अगदी खरं कारण होतं ते. पण चेन कशाला लावली? चेन लावायला किती वेळ लागतो?

त्या वेळात मनात काय होतं? काही नव्हतं. शांत होतं. कितीतरी वर्षांत इतकं शांत वाटलं नव्हतं, हे आज, या क्षणी, एवढ्या माणसांसमोर तिला आठवलं.

दाराच्या आत तो चादर ओढून पडलेला, दाराबाहेर मी चेन लावत उभी. मधे पोरगं.

तो माझ्या चपलांची वाट पाहत होता. आणि मी... मी कशाची वाट पाहत होते?

"मित्रा," नाना हलकेच म्हणाले. त्यांचे गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत. "घडी घाल, बाळा."

वाचणारा उभाच असतो. अकरा वर्षांत हे तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. प्रत्येक चिठ्ठीला माणसं उठली, बसली, आणि ती प्रत्येक वेळी उभी होती, वाचण्यासाठी. कुणाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. आताही कुणाला कळणार नाही. मागे खुर्ची होती. बसली असती तर आपण त्यांतल्या नाही एवढं तरी दिसलं असतं... अजितला तरी दिसलं असतं. तो आता सरळ तिच्याकडेच पाहत होता. कप हातात चेपलेला, चहा मनगटावरून ओघळतोय याची त्याला शुद्ध नव्हती. त्याला वाटत होतं, ही आता बसेल.

तिने मागे हात करून खुर्ची चाचपली. खुर्ची होती तिथेच.

पलीकडे भूषण पुन्हा हसला. चिठ्ठी तिच्या हातात उघडीच होती, फुलीची बाजू लोकांकडे, आणि ती उभी होती.