ड्रायव्हरच्या दारावरच्या रेघा

माझे सासरे नरहरी हे वसईजवळच्या आमच्या गिरीज गावात मोटार चालवणारे पहिले गृहस्थ, ही माहिती आमच्या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेला मंगळसूत्राबरोबरच मिळते. मलाही मिळाली. १९५३ साली त्यांनी हिरवी मॉरिस घेतली, मोगऱ्याच्या टोपल्या आणि केळीचे घड तिच्यातून स्टेशनवर पोचवले, आणि त्यांना येताना पाहून रस्त्यातले बैल आपणहून बाजूला होत. बैलांची साक्ष काढायची आता सोय नव्हती. ज्या माणसांनी तो काळ पाहिला होता त्यांतली बरीचशी वर गेली होती, आणि उरलेली रोज संध्याकाळी आमच्याच ओटीवर आमचाच चहा पीत होती.

१९९८ च्या मे महिन्यात वसईत जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरायचे ठरले. त्यात 'मूळ रंग, मूळ मालक' असा एक गट होता. त्या गटात पहिल्या येणाऱ्या गाडीच्या मालकाचा 'आद्य चालक' म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार होता. बाबांनी भाषण पाठ करायला घेतले तेव्हा गाडी अजून गोठ्यात पेंढ्याखाली होती.

माझा नवरा केयूर म्हणाला, "माणिकपूरला गॅरेजवाला आहे. दोन दिवसांत मेटॅलिक ग्रीन मारून देतो."

"मूळ रंग पाहिजे," मी म्हटले.

"मूळचा हिरवाच ना? मग आपणही हिरवाच मारतोय!"

"मूळ दात म्हटल्यावर कवळी चालत नाही, केयूर."

बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटून घेतले. कवळी त्यांचीच होती. पण मुद्दा पटला असावा, कारण इंजिन तेवढे गॅरेजवाल्याकडे गेले आणि रंगाचे काम माझ्याकडे आले. शाळेला सुटी होती, आणि ज्या कामात नाव नसते ते काम आमच्याकडे फार लवकर सुनेला जमायला लागते.

जुना रंग मरत नाही, कोरडा पडतो. वरचा पातळ थर पांढुरका होतो आणि लोकांना वाटते रंग गेला. तो खरवडायचा नसतो. साध्या साबणाच्या पाण्याने धूळ काढायची, तेलकट मलम लावून रात्रभर मुरू द्यायचे, आणि सकाळी जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाने सरळ रेषेत हलके पुसायचे. कापडाला हिरवे लागते, ते पाहून घाबरायचे नाही आणि लोभही धरायचा नाही. आधी डिकीच्या झाकणाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी मी करून पाहिले. करवंटीएवढा तुकडा खोल हिरवा निघाला. मग पुढे सरकले.

एकेक भाग उजळू लागला तशी गाडी बोलू लागली, आणि ती बाबांइतकी सावधपणे बोलत नव्हती.

पुढच्या मडगार्डवर एक रेघ होती. तिच्या खालचा रंग दुधाळ, वरचा चांगला. "मोठ्या पुराचं पाणी," बाबा म्हणाले. पण रेघ तिरकी होती. पुढे दिव्यापर्यंत चढलेली, मागे पुढच्या दारापाशी संपलेली. पाणी तिरके उभे राहत नाही, हे मी सातवीच्या वर्गाला शिकवते. सासऱ्यांना शिकवण्याची आमच्यात पद्धत नाही.

ड्रायव्हरच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, खिडकीच्या जरा खाली दुसऱ्या रेघा होत्या. बारीक, एकमेकींना समांतर, जुडीने असाव्यात तशा. आणि सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. भिंगातून पाहिल्या तर कंपासने काढल्यासारख्या. गाडीला पोचे होते, एका दाराची मूठ वाकडी होती. त्याचे बाबांना काही नव्हते. ते सगळे इतिहासात जमा होते. कलंक तेवढा या रेघांचा.

"सूनबाई, बाकी राहू दे. आधी हे घालव."

"कशाने पडल्या, बाबा?"

"दाराला शेळी बांधायचो. तिची शिंगं."

"शेळी खिडकीपर्यंत कशी पोचली?"

"तेव्हाच्या शेळ्या उंच होत्या," असे म्हणून ते भाषण पाठ करायला निघून गेले.

दुपारी सासूबाई चहा घेऊन आल्या. मालन त्यांचे नाव. घरात ते कोणी उच्चारत नाही. त्यांनी कप बॉनेटवर ठेवायला हात पुढे केला, माझा चेहरा पाहिला आणि कप जमिनीवर ठेवला. मग दार उघडून त्या स्टिअरिंगमागे बसल्या. पदर खोचला. उजवे कोपर खिडकीत टेकवून हात बाहेर सोडला आणि मागच्याला 'हळू' म्हणून खूण करतात तसा वरखाली केला. बांगड्या दारावर घासल्या. बरोबर त्या रेघांवर.

त्या खाली उतरल्या.

"केयूर पोटात राहिला तेव्हा यांनी ड्रायव्हर ठेवला," त्या म्हणाल्या. "तोवर काही शेळी नव्हती आपल्याकडे."

"बाबा तर घालवायला सांगताहेत."

"सांगोत. तुला जे चमकवायचं ते चमकव. एवढं राहू दे." आणि रिकामा कप घेऊन गेल्या. त्यातला चहा मी कधी प्यायले ते मला कळलेही नव्हते.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी माझ्यापुढे घासायच्या पेस्टचा डबा ठेवला. केयूरने गॅरेजमधून आणलेला. "उद्या दार आरशासारखं हवं."

"रेघा खोल आहेत," मी म्हटले. ते खरेच होते. "त्या घालवायच्या तर तिथला रंगच घालवावा लागेल. खाली पत्रा दिसेल. मग मूळ रंगाचा गट गेला."

"आणि शाल?"

"गटाबरोबर."

बाबांनी दाराकडे पाहिले. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला शाल. मग ते म्हणाले, "असू देत. मी बघतो काय ते."

त्यांनी काय बघितले ते सकाळी मैदानावर कळले. बाबा दाराला पाठ लावून उभे राहिले. ऊन डोक्यावर आले तरी हलले नाहीत. सरबत तिथेच घेतले, ओळखीच्यांचे नमस्कार तिथूनच घेतले. ओटीवरची चहावाली मंडळी समोरच्या खुर्च्यांवर बसून त्यांच्याकडे फार आदराने पाहत होती.

परीक्षक फ्रेडरिक. स्वतःच्या दोन जुन्या गाड्या बाळगणारा, बारीक नजरेचा माणूस. गाडीभोवती फिरून तो बाबांसमोर थांबला. "काका, जरा बाजूला."

"या बाजूला काही विशेष नाही."

"म्हणूनच. पटकन बघतो."

बाबा सरकले. शर्टाचा घामेजलेला ठसा दारावर उमटला होता. मी तो पुसला. फ्रेडरिक वाकला, रेघांवरून नख फिरवले, आणि स्वतःचे कोपर खिडकीत टेकवून हात वरखाली केला.

"बांगड्या," तो म्हणाला. "हात दाखवताना लागलेल्या. वर्षानुवर्षांच्या. असा खरा पुरावा कुठे मिळतो! काका, गाडी चालवायचं कोण?"

ओटीवाल्यांपैकी एकाला खोकला आला. बाबांनी छाती पुढे काढली.

"आमची ही. मीच शिकवली!"

सगळे सासूबाईंकडे वळले. त्यांनी मान डोलावली.

"यांनीच शिकवलं," त्या म्हणाल्या, आणि मडगार्डवरच्या तिरक्या रेघेकडे बोट केले. "ही शिकवतानाचीच. हे गाडी चालवत होते, मी मागे बसले होते. गाडी बावखलाच्या तळ्यात कशी घालायची ते यांनी दाखवलं. तिथून निघाल्यावर पुढे कशी न्यायची ते मी शिकले. त्यानंतर हे मागे बसायचे."

आधी ओटीवाले हसले. पंचेचाळीस वर्षे दाबलेले हसू होते ते, चहासकट बाहेर आले. मग मैदान हसले. फ्रेडरिक हसत हसत 'सर्व खुणा अस्सल' असे लिहीत होता.

गाडी पहिली आली. शाल एकच होती आणि निमंत्रणावर नाव बाबांचे होते, म्हणून शाल बाबांनाच मिळाली. भाषणात त्यांनी आयत्या वेळी एक वाक्य घातले: "स्त्रीशिक्षणाची सुरुवात मी माझ्या घरापासून केली." टाळ्या पडल्या. नारळ त्यांनी खाली उतरताना सासूबाईंच्या हातात दिला, धरायला.

परतताना केयूर गाडी चालवत होता. बाबा त्याच्या शेजारी, मे महिन्याच्या उन्हात शाल पांघरून. गिरीजच्या वळणावर वळायचे होते, पण दोन दारांच्या मधून बाहेर येणाऱ्या इशाऱ्याच्या दांड्याची तार गोठ्यातल्या उंदरांनी कधीच खाल्ली होती, आणि केयूरला हात दाखवायची सवय नव्हती. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

सासूबाईंनी नारळ माझ्या मांडीवर ठेवला, केयूरच्या मागच्या खिडकीतून उजवा हात बाहेर काढला आणि रिक्षा थांबवली. हात आत घेताना बांगड्या मागच्या दारावर करकरल्या. त्या दाराचा रंग मी सगळ्यात जपून उजळला होता.

"लागलं का गं?" त्यांनी विचारले.

"लागू द्या," मी म्हटले. "मूळ मालकाचं आहे."